उत्तर: पॅरिशचे स्वयंसेवक आणि आश्रयाचे अर्ज
वर विचारलंय, की अमेरिकेत पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, स्वयंसेवकांनीच आश्रयाचे (असायलमचे) अर्ज भरून दिले तर बिघडलं कुठे? बिघडतं. अर्जात काय मांडायचं हा कायदेशीर सल्ला झाला. त्याला वकील हवा, नाहीतर न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी. त्यातही मान्यता अंशतः असेल तर त्याला इमिग्रेशन कोर्टात उभं राहता येत नाही. कॅथलिक बिशपांनी १९८८ मध्ये उभारलेली 'क्लिनिक' ही संस्था अशा प्रतिनिधींना प्रशिक्षण देते.

स्वयंसेवकांनी त्यापेक्षा अर्जदाराचा पत्ता सांभाळावा. घर बदललं की कोर्टाला ईओआयआर-३३ कामकाजाच्या ५ दिवसांत आणि इमिग्रेशन खात्याला एआर-११ १० दिवसांत, असे दोन वेगळे फॉर्म द्यावे लागतात. बरेच जण फक्त दुसरा भरतात. मग सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघतो. अमेरिकेत आल्यापासून १ वर्षात अर्ज करायची मुदत सगळ्यांना पाठ असते हो, घात इथे होतो.