आधी अपडेट आणि मराठी, मग रंगरूप

कॉम्प्युटरच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काय हवं, या चर्चेत आतापर्यंत बहुतेकांनी टास्कबार (पडद्याच्या तळाशी असणारी पट्टी) आणि रंगसंगतीच मागितली आहे. टास्कबार बाजूला नेता यावा हे मलाही पटतं, पण माझी पहिली मागणी अपडेटची आहे. इतवारीत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवून द्यायचं, दुकान आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, भर दुपारी लाईन जाते आणि मशीन इन्व्हर्टरवर जेमतेम हातातलं काम संपेपर्यंत चालतं. नेमकं तेव्हाच अपडेट सुरू झालं तर लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळत बसतं. अपडेट कधी करायचं हे मालकानंच ठरवावं. मध्येच वीज गेली तर मशीन आपोआप आधीच्या स्थितीत यायला हवं.

दुसरं मराठीचं. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात 'ऱ्य' लिहायला शिफ्ट धरून र ची कळ, मग हलन्त, मग य. हे नवख्याला कोण सांगणार? मराठी निवडली की कळफलक पडद्यावर दिसलाच पाहिजे. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा मराठीत, आणायची सोयही सिस्टिममध्येच हवी. आज तो फॉन्ट नसला की अख्ख्या मजकुराची इंग्रजी अक्षरांत गिचमिड होते.

आणि जुनी मशीनं बाद करू नका. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनांत नसते, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. धडधाकट चालणारं मशीन भंगारात का घालायचं?