कॅमेरालिस्ट म्हणजे नुसते तिजोरीचे कारकून?

आडवाटेचा_वाचक:
'अर्थशास्त्र १७७६ ला अॅडम स्मिथच्या पुस्तकापासून सुरू झालं, त्याआधीचे जर्मन कॅमेरालिस्ट म्हणजे राजाची तिजोरी भरणारे कारकून' ही कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. अहो, कॅमेरालिस्ट म्हणजे राज्याचा कारभार कसा चालवावा हे लिहिणारे-शिकवणारे लोक. तीस वर्षांचं युद्ध १६४८ ला संपलं तेव्हा जर्मन संस्थानांत गावंच्या गावं ओस पडलेली, कर घेणार कुणाकडून? आधी माणसं वसवा, शेती उभी करा, खाणी चालवा, मग वसुलीचं बोला, हे या लोकांनी मांडलं. प्रशिया या जर्मन राज्याच्या राजानं १७२७ ला हाले आणि ओडरकाठच्या फ्रँकफुर्टला या विषयाची प्राध्यापकपदं काढली, कारण अधिकाऱ्याला नुसता कायदा येऊन भागत नाही, शेती-जमाखर्चही कळावा लागतो.

सडेतोड_७१:
कागदावर सगळं गोडच असतं. तुमच्या या शास्त्राचा मोठा लेखक युस्टी, प्रशियात खाणींचा कारभार हातात आला आणि अफरातफरीच्या आरोपात १७६८ ला आत गेला, १७७१ ला कैदेतच वारला. हा म्हणे राज्य चालवायला शिकवणार!

आडवाटेचा_वाचक:
मुक्त व्यापारवाला स्मिथ १७७८ पासून कस्टम्सचा कमिशनर होता, मग त्याचंही पुस्तक फाडायचं का?

मोळीवालीची_नात:
तुम्ही दोघं खाणीतच अडकलात, जंगलाचं कुणी बोलेना. कार्लोविट्झ या खाणीच्या अधिकाऱ्यानं १७१३ ला सॅक्सनीच्या खाणींना लाकूड कायम पुरावं म्हणून बेतानं तोडा असं लिहिलं, पुढे त्यातून जर्मन वनशास्त्र उभं राहिलं आणि ब्रांडिस हा जर्मन १८६४ ला इथल्या जंगलखात्याचा पहिला इन्स्पेक्टर जनरल झाला तेव्हा तीच पद्धत इकडे आली. त्या हिशेबात सागाचे घनफूट होते, मोहाची फुलं नव्हती, कंद नव्हते. माझी आजी शहापूरकडची, गार्डानं कोयता काढून घेतला की त्या दिवशी मोळी नाही, मीठ-मिरची नाही. १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात लोकांनी गोळ्या खाल्ल्या त्या जंगलापायीच ना?

आडवाटेचा_वाचक:
ताई, सगळं ब्रांडिसच्या माथी नका मारू. तो गावांकडे जंगल ठेवा म्हणत होता, सगळं सरकारजमा करा हा हट्ट बेडन-पॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याचा. मोह हिशेबात नव्हता, बरं, हे मान्य.

सडेतोड_७१:
म्हणजे शेवटी कारकूनच की! जे मोजता येतं तेवढंच दिसतं.

मोळीवालीची_नात:
कारकून म्हणून सोडू नका, त्यांनी माणसांच्या चुली ठरवल्या. आणि आडवाटे, १८७८ च्या वनकायद्यात गावजंगलाचं कलम होतं हे मलाही माहितीय, ते आमच्याकडे कुठल्या गावाला लागू झालं ते दाखवा, मग बोलू.