कोशिंबाच्या पालवीतला उजेड कॅनव्हासवर कसा आणायचा?

रानवाट
मार्चमधली कोशिंबाची लाल पालवी उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिली की आतून पेटल्यासारखी दिसते. पानांचे आकार नकोत, नुसता तो उजेड हवाय. २४ × ३० इंच कॅनव्हास, ॲक्रिलिक. कॅडमियम रेडमध्ये पांढरा घातला की खडूसारखा गुलाबी होतो, पिवळा घातला की नारिंगी. काय बदलू?

गेरू
उजळपणा ट्यूबमधल्या पांढऱ्यातून आणू नका, खालून येऊ द्या. टायटॅनियम व्हाइट आणि कॅडमियम दोन्ही अपारदर्शक, त्यामुळे उजेड वरूनच परततो. पारदर्शक थरातून तो जेसोपर्यंत, म्हणजे कॅनव्हासवरच्या पांढऱ्या अस्तरापर्यंत जातो आणि परतताना पुन्हा रंगातून येतो. पालवीतही तो आरपारच येत असतो.

जेसोचे तीन हात द्या, शेवटचा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. त्यावर निकेल अझो यलो, १ भाग रंगाला ८ भाग ग्लेझिंग मिडियम (रंग पातळ, पारदर्शक करणारं द्रावण). पूर्ण वाळला की त्याच प्रमाणात क्विनाक्रिडोन रेडचे दोन-तीन पातळ हात. ट्यूबवरचा चौकोन रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक.

रानवाट
मिडियमऐवजी पाणी चालेल?

गेरू
थोडंच. जास्त पाण्याने बाइंडर (रंगकण धरून ठेवणारा चिकट घटक) विरळ होतो, पकड सुटते आणि पुढचा हात देताना खालचा रंग उचलला जातो. मिडियम ओलं असताना दुधाळ दिसतं, वाळल्यावर रंग गडद होतो. म्हणून आधी जेसो लावलेल्या कागदावर रंगाची नमुना पट्टी ओढून वाळू द्या. पावसाळ्यात दोन हातांमध्ये जास्त वेळ सोडा.

झाडोरा
गेरूंशी सहमत, पण पांढरा हद्दपार करू नका. जून पानाच्या तुकतुकीत पाठीवर आभाळ उमटतं, तो निळसर करडा अपारदर्शकच हवा. त्याच्या शेजारीच पारदर्शक लाल खुलतो.

गडदासाठी लॅम्प ब्लॅक नको, तो मेलेला दिसतो. फ्थॅलो ग्रीन आणि क्विनाक्रिडोन रेड मिसळा, जवळजवळ काळा मिळेल. फ्थॅलो फार जोरकस, टोकभरच घ्या. पेटता लाल एकूण जागेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त पसरला की झळाळी गेलीच.

आकारांचं म्हणाल तर दोन्ही टोकं निमुळती झाली की डोळा लगेच पान ओळखतो. ब्रशऐवजी रबरी रोलर वापरा, कडा आपोआप तुटतात. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंची चित्रं कुठे प्रत्यक्ष बघायला मिळाली तर अगदी जवळून बघा. माध्यम तेलरंग आहे, पण रोलर आणि पॅलेट नाइफने थर कसे चढवलेत, कुठे काढून घेतलेत, ते कळतं.