हनिमूनला जॉर्जिया म्हणजे पैशाची माती?

भटकभवानी:
काल एका काकांनी लिहिलं, "हल्लीची पोरं हनिमूनला जॉर्जियाला जातात. तिथे आहे काय, स्टालिनचं घर आणि थंडी. बाली-मालदीव चावतं का?" रात्रभर डोक्यात भुणभुण, म्हणून लिहितेच. आम्ही ऑक्टोबरात गेलो, लग्नानंतर अकराव्या दिवशी, हातावरची मेंदीसुद्धा गेली नव्हती. कांदेपोह्यांवर ठरलेलं लग्न, त्याआधी भेटी मोजून सहा. असल्या दोन माणसांना पाण्यातल्या झोपडीत सहा दिवस समोरासमोर बसवलं तर बोलणार काय, डीजे कसा होता? इथे पाटी वाचता येत नाही, सगळी लिपी जिलबीसारखी, रस्ता चुकलो, त्यावरनं भांडलो, मग हसलो. २१७० मीटरवरच्या गेर्गेती चर्चच्या कट्ट्यावर एका शालीत दोन तास बसलो, समोरचं कझबेक शिखर दिसलं चार मिनिटं. त्या दोन तासांत कळलं की नवरा दहावीत गणितात नापास होता, बायोडेटात नव्हतं हे.

पेठेतला खडूस:
तो काका मीच. शाल वगैरे ठीक, पण शाकाहारी माणसाने खायचं काय? आमचा भाचा जानेवारीत बायकोला घेऊन गेला, बर्फाने पुढची खिंड बंद, गुदौरीत दोन रात्री अडकले, बरोबरचे थेपले संपले. खिंडीचं नाव ज्वारी, भाकरीचा मात्र पत्ता नाही.

भटकभवानी:
जानेवारीत घाट चढायला कोणी सांगितलं होतं? आणि लोबियो म्हणजे मडक्यातला राजमा, बद्रिजानी म्हणजे वांग्याच्या कापात अक्रोडाचं वाटण, शिवाय खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी. खिंकाली बटाट्याची, मशरूमचीपण मिळते, दिसायला अगदी उकडीचा मोदक.

देवगडची सून:
मोदक म्हणायचं नाही हं! पारी मैद्याची, आत मटणाचा नाहीतर बीफ-पोर्कचा खिमा, शेंडीला धरून उलटा करायचा, कडेला चावून रस्सा ओढायचा आणि शेंडी ताटात टाकून द्यायची. शेंडी टाकायची!! आमच्या सासूबाईंनी कळ्या नीट पडल्या नाहीत म्हणून पहिल्या गणपतीला माझे अकरा मोदक मोडून परत करायला लावले होते, पाहुण्यांसमोर.

पेठेतला खडूस:
ताईंशी आयुष्यात पहिल्यांदा सहमत. उकड नाही तो मोदकच नाही.

विदर्भाचा वाघ:
म्हणजे तळणीचे मोदक काय समोसे आहेत का? आमच्याकडे वर्षानुवर्षं तळूनच नैवेद्य होतो, बाप्पा काही रुसला नाही. तुम्हा कोकण-पुण्यावाल्यांना वाटतं महाराष्ट्र घाटाखालीच संपतो.

देवगडची सून:
पुणे घाटावर आहे हो. आधी नकाशा बघा, मग मोदक.

पणजीकर:
मोदकावरून उतरा जरा. "तिथे आहे काय" म्हणणाऱ्यांसाठी: जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला हाल करून मारली गेली, तिचे अवशेष सापडले आमच्या जुन्या गोव्यात, सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला आणि २०२१ मध्ये जयशंकर स्वतः त्यांतला एक भाग तिबिलिसीला देऊन आले. गोव्याचा म्हटल्यावर तिथल्या टॅक्सीवाल्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

विदर्भाचा वाघ:
हनिमूनच्या चर्चेत अस्थी. वा.

पेठेतला खडूस:
केतेवानचं माहीत नव्हतं, मान्य. आणि ऑक्टोबर असेल तर... बघू. हे सगळं सौ.ला वाचून दाखवलं, म्हणाली, "३४ वर्षांपूर्वी महाबळेश्वरला नेलंत, बरोबर तुमच्या आत्याबाई होत्या. त्यापेक्षा ज्वारी खिंड परवडली असती."

भटकभवानी:
काकू 👏 काका, बुकिंग करा, लिंक देते.

देवगडची सून:
जा खुशाल. पण तो मोदक नाही.