बुवा-महाराजांची टिंगलीची चित्रं छापली की धर्म बुडतो का?

कडक भाकरी: 'साधूंची टिंगल छापणं ही गोऱ्यांची खोड, आपल्याकडं असलं कधी नव्हतं' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. १८७३ चं बंगालातलं तारकेश्वर देवळाचं प्रकरण विसरलात? तिथल्या महंताशी असलेल्या भानगडीपायी नवऱ्यानं एलोकेशी नावाच्या बायकोचा गळा चिरला. महंताला ३ वर्षं सक्तमजुरी झाली. कलकत्त्यात कालीघाटच्या देवळाजवळच्या पटुआंनी, म्हणजे चित्रकारांनी, त्याला तुरुंगात तेलाच्या घाण्याला जुंपलेला रंगवला, तिथल्याच बटतला या छापखान्यांच्या वस्तीत लाकडी ठशांनी तीच कथा छापली. घेणारे यात्रेकरूच होते ओ, मिशनरी नव्हते.

गोऱ्यांचंच म्हणता तर स्पेनचा चित्रकार गोया, त्याचा १७९९ चा 'काप्रिचोस' हा छापील चित्रसंच बघा. ८० चित्रं. ५२ व्या चित्रात झाडाला पाद्र्याचा झगा घातलाय आणि एक बाई त्यापुढं गुडघे टेकून हात जोडतेय. शीर्षकाचा अर्थ, शिंपी काय काय करू शकतो!

गड्डा यात्री: आणि तोच गोया १८०३ ला त्या चित्रांचे तांब्याचे पाट राजाला देऊन मोकळा झाला, तेही सांगा की. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरला बडव्यांचे हक्क कायद्यानं आणि २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं गेले, कुणाच्या चित्रानं नाही.

कडक भाकरी: इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, दारात असताना ८० पाट कोरून विकायला काढले त्यानं. तुम्ही स्टेटस टाकून तासात डिलीट करता.

शिलाईवाला: शिंप्याला कशाला मधी ओढता मालक? एका मठाच्या शिष्यांचे झगे शिवून दिले. 'सेवा समजा' म्हणाले. उधारी अजून वहीत हाय. झाडाला झगा घातला तरी शिलाई कुणी दिली, ते सांगा.

पूर्वभाग: सेवेचं बोलू नका. तुमच्याच युनिफॉर्म लाइनीत माझी आई काजं-बटणं करायची. पीसमागं काय टेकवत होता? शाळा उघडायच्या तोंडावर रात्र-रात्र बसवून घ्यायचे, अन् पैसे दिवाळीला.

शिलाईवाला: सगळ्यांना एका सुईत ओवू नका. माझे कारीगर शनवारी पगार घेतात.

पूर्वभाग: वजावट करून!

गड्डा यात्री: विषय काय, चाललाय काय बे! बरं, बंगालात छापत होते. मान्य. आता तुम्ही आपल्या पेठेतल्या जित्या महाराजाचं छापून दाखवा, मग बोलू.

कडक भाकरी: फ्लेक्सवाला आधी त्यांच्याच वाढदिवसाचे बोर्ड संपवूदे.

शिलाईवाला: ते ५२ नंबरचं पाठवा. गल्ल्यामागं लावतो.