१८५७च्या महानाट्यात किल्टवाली गोरी पलटण : कोट लाल की तपकिरी?

कपडेपट_फोंडा
नमस्कार मंडळी. आमची फोंड्याची हौशी संस्था डिसेंबरात १८५७ वर उघड्या मैदानात महानाट्य करतेय. लखनौच्या सिकंदरबागेची लढाई आणि तिथे झाडावरून गोऱ्यांना टिपणारी ऊदादेवी हा त्यातला मोठा प्रवेश. कपडेपट माझ्याकडे आहे. दिग्दर्शकांचं म्हणणं, गोरे सैनिक सगळेच्या सगळे लाल कोट आणि लाल चौकड्यांच्या किल्टमध्ये (स्कॉटिश सैनिकांचा घागऱ्यासारखा चुणीदार पोशाख) हवेत, म्हणजे लांबून उठून दिसतील. एका शाळेच्या बँडचे लाल किल्ट भाड्याने मिळतायत. पण माझं मन घेत नाही. समोर शाळेची मुलं बसणार, ती जे बघतील तेच खरं धरून घरी जातील. त्या दिवशी नेमकं कोण कशात होतं, ते कोणी सांगेल का? आणि किल्ट इथेच शिवून घ्यायचे तर जमतील का?

म्हापशाचा_शिंपी
शिवायचं म्हणाल तर जमतं. चुण्या मागे, पुढे सपाट पदर, पदराची मोकळी कड उजव्या हाताला. मी एका बँडचे शिवलेत. पण टेरिकॉट घेऊ नका. चुणी धरत नाही, चालताना हलत नाही, आणि दिव्यांखाली चकाकतं. टेरीवूल तरी घ्या. कापड किती लागेल ते जाणकारांनी सांगावं, बँडच्या किल्टना आम्ही कापड वाचवलं होतं.

डिचोली_ते_अबर्डीन
ताई, तुमचं मन घेत नाही ते बरोबरच आहे. मी जहाजावरच्या नोकरीमुळे बरीच वर्षं अबर्डीनला होतो. तिथे पहिल्या महायुद्धातल्या गॉर्डन हायलँडर्सचं रूप घेऊन मैदानात उतरणारा एक गट आहे, त्यांच्यात मी राहिलो. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. जरा लांबण लागेल.

सिकंदरबागेवरचा हल्ला १६ नोव्हेंबर १८५७चा. त्यात किल्टवाली पलटण म्हणजे ९३वी सदरलंड हायलँडर्स, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली. ही माणसं निघाली होती चीनच्या मोहिमेवर, बंड झालं म्हणून हिंदुस्थानात वळवली. चीनसाठी दिलेले सैल तपकिरी सुती कोट त्यांच्या अंगावर तसेच राहिले. कॉलर आणि मनगटपट्ट्या तेवढ्या लाल. म्हणजे लखनौला वर तपकिरी कोट, खाली किल्ट, पायात लाल-पांढऱ्या चौकड्यांचे मोजे आणि पांढरे गेटर (बुटांवरून चढवायचं कापडी आवरण), डोक्यावर काळ्या शहामृगी पिसांची उंच टोपी. तीन वर्षांआधी, १८५४ साली, क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला हीच पलटण लाल कोटात उभी होती आणि त्या लाल रांगेमुळेच गाजली. चित्रकारांच्या डोळ्यांसमोर तो लाल रंग राहिला आणि आजही प्रत्येक दिग्दर्शकाला तोच हवा असतो.

किल्टचा रंग लाल नाही. गडद निळा, काळा आणि गडद हिरवा, बस्स. त्यात ना पिवळी रेघ, ना पांढरी. पिवळी रेघ आली की ती गॉर्डनांची, ९२वी पलटण. लाल-पांढऱ्या रेघा आल्या की ७८वी. रेघेवरून पलटण ओळखायची असते. बँडचा लाल चौकडा, रॉयल स्टुअर्ट म्हणतात तो, चढवलात तर ती कुठलीच लढणारी कंपनी राहत नाही, मिरवणूक होते.

आता रंगापेक्षा मोठी गोष्ट. कृपा करून सगळ्यांना किल्ट घालू नका. त्या भिंतीला भिडलेल्यांत ९३वीबरोबर ५३वी पलटण होती, ती इंग्रज, विजार घालणारी. आणि चौथी पंजाब पायदळ होती, म्हणजे आपलीच माणसं, फेट्यातली. सगळ्या रांगेला किल्ट चढवलात की ही पंजाबी माणसं मैदानातून पुसली जातात. मग मुलांना वाटणार, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला आपण. तसं नव्हतं. आत सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले, आणि मारणाऱ्यांतही हिंदी होते. हे दाखवायला जड जातं, पण न दाखवणं मला बटण चुकण्यापेक्षा कितीतरी वाईट वाटतं.

ऊदादेवीचा पोशाखही जपा. ९३वीतल्याच एकाने आठवणींत लिहून ठेवलंय : पिंपळावरून गोळ्या येत होत्या, नेम धरून पाडलं तेव्हा कळलं की ती बाई आहे. अंगात घट्ट लाल जॅकेट, गुलाबी रेशमी तंग विजार, आणि जवळ घोडदळाची दोन जुनी जड पिस्तुलं. पाडणारा ते पाहून ओक्साबोक्शी रडला. पुढे तिची ओळख ऊदादेवी अशी मानली गेली. आता बघा, गोऱ्यांचे कोट तपकिरी ठेवलेत तर त्या सगळ्या मातकट गर्दीत लाल रंग अंगभर फक्त तिच्या जॅकेटवर उरतो. दिग्दर्शकांना उठून दिसणारं काहीतरी हवंय ना, मग ते तिला द्या.

शिंपीदादा, कापडाचं सांगतो. एका किल्टला सात-आठ वार लोकर जाते. चोपन्न इंची पन्हा असेल तर चार वार घ्यायचं, लांबीत उभं चिरायचं आणि दोन तुकडे जोडायचे. जोड चुणीच्या पोटात दडवायचा. चुण्या कमरेपासून नितंबापर्यंत शिवून टाकायच्या, खाली मोकळ्या. लष्करी किल्टमध्ये चुणी रेघेवर पाडतात, म्हणजे प्रत्येक चुणीच्या माथ्यावर एकच रेघ येते आणि मागून किल्ट उभ्या पट्ट्यांचा दिसतो. शिवून झाल्यावर चुण्यांना कच्चा धागा घाला, ओल्या कापडावरून इस्त्री फिरवा, पूर्ण सुकल्याशिवाय धागा काढू नका. कंबर बेंबीपाशी, खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या टोकाला. आपली पोरं तो जीन्ससारखा खाली ओढतात, मग सगळं ध्यान बिघडतं.

खरी लोकर परवडणार नाही हे कळतं. पुढच्या रांगेला टेरीवूल द्या, मागच्यांना मिश्र कापड चालेल.

कपडेपट_फोंडा
दादा, खूप उपकार झाले. तपकिरीचं आणि ऊदादेवीच्या लालचं मी दिग्दर्शकांना आजच वाचून दाखवलं, ते गप्प झाले आणि मग ‘करून बघू’ म्हणाले. दोन अडचणी राहिल्या. शहामृगाची पिसं कुठून आणू? आणि पोरांना शिडीवर चढायचंय, ती लाजतायत.

डिचोली_ते_अबर्डीन
आत काळी हाफपँट द्या आणि पहिल्या तालमीपासून किल्ट घालायला लावा. सवय झाली की लाज जाते. टोपी मुळात तारेचा पोकळ पिंजरा असते, वरून पिसं. तुमच्याकडे दिवाळीत नरकासुराचे सांगाडे बांधणारी पोरं असतीलच, त्यांना सांगा. वर कोंबड्याची काळी पिसं दाट लावा, कपाळपट्टी लाल-पांढऱ्या चौकड्यांची.

एक बजावतो : इंटरनेटवर किल्टवरून खाकी एप्रन बांधलेले सैनिक दिसतील. तो पुढचा काळ, बोअर युद्ध आणि पहिलं महायुद्ध. गटात आम्ही तेच घालायचो, टार्टन, म्हणजे किल्टचा चौकडा, लांबून दिसू नये म्हणून. भिजलेल्या किल्टची कड चिखलाने कडक होते आणि चालताना गुडघ्यांच्या मागे घासून कातडी सोलते. ते मी सोसलंय. पण १८५७त एप्रन नाही.

दोनापावल_शिक्षक
मध्येच विचारतो. ७८वी हायलँडर्स १८०७ ते १८११ आपल्या गोव्यात होती असं वाचलंय. राजभवनाजवळच्या ब्रिटिश दफनभूमीत मुलांना नेतो, तिथे एकदोन मुलांना त्या वेषात उभं करावं म्हणतो. फोंड्याचेच कपडे चालतील?

डिचोली_ते_अबर्डीन
नाही सर, मोजे-गेटरसुद्धा तसेच नेऊ नका. पन्नास वर्षांचं अंतर आहे. नेपोलियनच्या भीतीने इंग्रजांनी गोव्यात फौज ठेवली होती तो हा काळ. ७८वी १८०३मध्ये अहमदनगर आणि असईला लढलेली, इथून पुढे जावाच्या मोहिमेवर गेली. १८०९मध्ये सहा हायलँड पलटणींचा किल्ट काढून घेतला, ज्या पाचांकडे राहिला त्यांत ही एक. कोट लाल, कॉलर-मनगटं फिकट पिवळसर, किल्टवर लाल आणि पांढरी रेघ, हातात चकमकीची बंदूक. उष्ण मुलखात पहाऱ्याला पांढऱ्या विजारी घालायची पद्धत होती, तेव्हा एका मुलाला किल्ट आणि दुसऱ्याला पांढरी विजार द्या. दोघांना शेजारी उभं करा आणि फरक मुलांनाच विचारा.

ताई, कोटाचं कापड घ्यायला जाल तेव्हा उन्हात धरून बघा. चॉकलेटी नको, सुक्या मातीचा रंग हवा. मनगटपट्टी चार बोटं रुंद ठेवली तर मागच्या रांगेतूनही दिसेल.