डायना ३५ धाकट्या २७ पेक्षा मंद का? जाड स्प्रिंग टाकू का?

गिरगाव_साडेचार

दोन जुन्या डायना (छर्ऱ्याच्या स्प्रिंगवाल्या हवाई बंदुका) आहेत, २७ आणि ३५. दोन्ही ४.५ मिमी, दोन्हींना चामड्याचा पिस्टन वॉशर, दोन्हींवर पंचकोनातला एफ (कमी जोराच्या जर्मन मॉडेलचा शिक्का) नाही. छर्रा एकच, चपट्या तोंडाचा ०.५३ ग्रॅम. क्रोनो (वेग मोजायचं यंत्र) नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर ठेवला. २७ सरासरी १६५ मी/से देते, ३५ जेमतेम १६०. शिवाय ३५ मध्ये छर्ऱ्याछर्ऱ्यात १५ मी/से पर्यंत फरक पडतो, २७ मध्ये तो पाचच्या आत आहे.

३५ अंगाने मोठी, स्प्रिंग मोठी, नळी मोडायलाही (बिजागरीत वाकवायलाही) जड. मग जोर जातो कुठे? नागदेवी स्ट्रीटवर एक जण ३.२ ऐवजी ४ मिमी तारेची स्प्रिंग वळून द्यायला तयार आहे. टाकू का? आणि एक एचडब्ल्यू ३५ (वायराउखची हवाई बंदूक) विकत मिळतेय, ती या दोघींपेक्षा खरंच जोरदार असते का?

लेथवाले_काका

४ मिमीचा विचार आधी डोक्यातून काढा. बाकी सगळं तेच ठेवून तार जाड केली की स्प्रिंगचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ३.२ वरून ४ म्हणजे जवळजवळ २.४ पट. नळी मोडताना बिजागरी आणि कॉकिंगची (स्प्रिंग दाबून खटक्यात अडकवण्याची) पट्टी वाकेल, खटक्याची पकड झिजेल, आणि वेग त्या मानाने काहीच वाढणार नाही. स्प्रिंग पिस्टन ढकलते, पिस्टन हवा दाबतो; छर्रा ढकलते ती हवा, स्प्रिंग नव्हे. हवा किती, ते सिलिंडरचा आतला व्यास आणि पिस्टनची धाव यांवर ठरतं. २५ मिमी व्यास आणि ८० मिमी धाव असेल तर साधारण ३९ घन सेंमी. स्प्रिंग गरजेपेक्षा तगडी असली तर छर्रा नीट हलायच्या आतच पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटून मागे उसळतो. तुमच्या खांद्याला धक्का जास्त, छर्ऱ्याला जोर तेवढाच.

दुसरं, वेटोळी एकमेकांना टेकण्याचा हिशेब. ३४ वेटोळी गुणिले ३.२ म्हणजे १०८.८ मिमी. तीच ३४ वेटोळी ४ मिमीची झाली तर १३६. बंदूक कॉक केल्यावर स्प्रिंगला आत जेवढी जागा उरते त्याहून हा आकडा किमान ४-५ मिमी कमी हवा. नाहीतर कॉक होणारच नाही, किंवा जोर लावून झालीच तर काहीतरी तुटेल.

फरक १५ चा आहे म्हणताय, तिथेच उत्तर आहे. स्प्रिंग नुसती थकली असेल तर वेग कमी पण एकसारखा मिळतो. खालीवर होतोय म्हणजे हवा निसटतेय. टिश्यू पेपरची बारीक पट्टी नळीच्या सांध्यावर ठेवा आणि छर्रा भरून सुरक्षित दिशेला मारा. पट्टी उडाली तर सांध्याचा वॉशर गेला. रिकामी मारून बघू नका, पुढे छर्रा नसला की पिस्टन थेट सिलिंडरच्या तोंडावर आदळतो.

सांध्याचा चामडी वॉशर खाचेतून ०.२ ते ०.३ मिमी वर दिसला पाहिजे. दबून खाली गेला असेल तर टोकदार चिमट्याने काढा, खाली पातळ कागदाच्या एक-दोन चकत्या घाला, पुन्हा बसवा. फार वर आला तर नळी बंद व्हायला त्रास देईल आणि नेम वरखाली होईल.

शिवडी_स्प्रिंग

काकांशी सहमत, भर एवढीच की सांधा ठीक निघाला तर पुढचा संशयित पिस्टनचा वॉशर. मुंबईत या बंदुका वर्षानुवर्षं कपाटात उभ्या असतात. चामडं एक तर सुकून कडक होतं, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरतं. खोलण्याआधी हे करून बघा: नळी मोडलेली ठेवा पण कॉक करू नका, सिलिंडरच्या तोंडाच्या भोकात ४-५ थेंब जाडसर तेल सोडा, बंदूक दस्त्यावर उभी करून रात्रभर राहू द्या. तेल चामड्यासाठीचं नीट्सफूट किंवा साधं ३० ग्रेडचं. शिवणयंत्राचं पातळ तेल आणि गंज सोडवायचा स्प्रे तिथे चालणार नाही. दाबाने हवा तापते, पातळ तेल पेट घेतं, मोठा आवाज येतो, क्रोनोवर आकडा झकास दिसतो आणि दोन दिवसांत स्प्रिंग तुटते. एरंडेलही नको, चिकट होऊन गोंद बनतं.

तेल दिल्यावर पहिले २०-३० छर्रे धूर येणार. धूर थांबेपर्यंतचे आकडे वहीत लिहूच नका. हा उपाय फक्त चामड्याला. सिंथेटिक वॉशर असलेल्या बंदुकीत पुढून तेल घालायचं नाही.

एचडब्ल्यू ३५ बद्दल: सिलिंडर रुंद पण पिस्टनची धाव आखूड. चांगल्या अवस्थेत ४.५ मध्ये याच छर्ऱ्याने २१० च्या आसपास जाते, म्हणजे ११.७ ज्यूल. खरी मजा तिच्या 'रेकॉर्ड' नावाच्या ट्रिगरची आणि नळी बंद ठेवणाऱ्या खिटीची. घेण्याआधी पंचकोनातला एफ आहे का बघा. तो जर्मनीतल्या ७.५ ज्यूलच्या मर्यादेचा शिक्का, १९७० पासूनचा. तसं मॉडेल ०.५३ ग्रॅमला १६८ च्या आसपासच थांबतं, आणि विकणारा मात्र निर्यातीच्या मॉडेलचे आकडे सांगतो. निव्वळ वेग हवा असेल तर फाइनवेर्कबाऊ १२४ या सगळ्यांत पुढे, कारण तिची धाव लांब. पण तिचा मूळ वॉशर काळाने भुगा होतो, नवा टाकल्याशिवाय ती चालवू नये. बीएसए एअरस्पोर्टर देखणी खरी, पण छर्रा फिरत्या तोटीतून भरायचा. ती तोटी झिजली की हवा तिथूनच जाते आणि वॉशर बदलून सुटत नाही.

लेथवाले_काका

कायद्याचंही लक्षात ठेवा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमी आणि २० ज्यूल ही परवान्याविना मर्यादा. ०.५३ ग्रॅमला २० ज्यूल म्हणजे २७५ मी/से, तिथे या जुन्या बंदुका जातच नाहीत. पण ५.५ मिमीची एचडब्ल्यू गळ्यात मारली तर ती कितीही मंद असली तरी परवान्यात येते. नळीवरचा आकडा वाचूनच पैसे द्या.

गिरगाव_साडेचार

टिश्यू उडाला! वॉशरखाली दोन चकत्या घातल्या. आता ३५ सरासरी १७१, फरक ७. तेलाने पुढे काही सरकलं नाही. आता खोलावी म्हणतो. घरी जी-क्लॅम्प आहे, चालेल?

शिवडी_स्प्रिंग

१६० ते १७१ म्हणजे ६.८ वरून ७.७ ज्यूल, फुकटात मिळाले. धडधाकट ३५ कडून २०० ची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

जी-क्लॅम्प नको, दाबाखाली घसरतो. लांब सॅश क्लॅम्प घ्या, किंवा लाकडी फळीवर स्क्रूचा जॅक लावून घ्या. मागच्या ठोकळ्यावर थोडा दाब देऊन मगच पिना ठोका, मग सावकाश सैल करा. स्प्रिंग आत आधीच दाबलेली असते, चेहरा मागच्या रेषेत ठेवू नका. खटक्यात तीन पोलादी गोळ्या असतात, त्या घरंगळतात. खाली ताट ठेवा, बसवताना ग्रीसने चिकटवा.

स्प्रिंग काचेवर लोळवा. डुगडुगली तर वाकडी, बदला, पण त्याच जाडीची घ्या. टोकं सपाट घासून पॉलिश करा. वॉशर कडक असेल तर धारावीच्या चामडेवाल्यांकडून ३-४ मिमीचं झाडाच्या सालीच्या कषायात कमावलेलं चामडं मागा. क्रोम वापरून कमावलेलं ओलं दाबलं तरी वाटीचा आकार धरत नाही. मधला स्क्रू घट्ट आणि वॉशरच्या पृष्ठभागाखाली हवा, सैल राहिला तर सिलिंडरचं तोंड फोडतो. पिस्टनच्या अंगावर मॉलिब्डेनम पेस्टचा पातळ हात, स्प्रिंगवर जाड ग्रीस अगदी थोडं. जास्त थापलं तर आवाज मऊ होतो पण वेग पाच-दहाने पडतो.

जोडल्यावर आधी छर्ऱ्यांचा एक डबा संपू द्या, मग क्रोनो लावा. नवा वॉशर सिलिंडरला बसायला तेवढा वेळ घेतो.

लेथवाले_काका

आणि नळी मोडलेली असताना खटक्याला बोट नको. नळी जोरात मिटते, नळी वाकते ती वाकतेच, मधे बोट सापडलं तर तेही जातं.